अकरा महिने संपले, भाडेकरू हलंना. पाणी तोडू का?

वडगावकर : बेळगावात घर हाय, वरचा मजला भाड्यानं दिलाय, महिना ७,०००. अकरा महिन्यांचा करार दिवाळीतच संपला. पोराचं लग्न ठरलंय, खोल्या पाहिजेत. चारदा तोंडी सांगितलं. पाण्याचा नळ बंद करा, आपोआप निघतोय, असं गल्लीतले सांगायलेत. करार संपला म्हणजे हक्क संपला, नोटीस कशाला?

टिळकवाडीची भाडेकरू : काका, दिवाळीनंतर भाडं घेतलंत?

वडगावकर : घेतलं की. फुकट ठेवू?

टिळकवाडीची भाडेकरू : तिथंच अडलं. मुदतीनंतरही भाडं घेत राहिलात, म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे तो महिन्या-महिन्याचा भाडेकरू झाला. आता कलम १०६ ची १५ दिवसांची नोटीस लागणार, लेखी आणि सहीची. तुमच्या चार तोंडी सांगण्यांना कोर्टात किंमत नाही.

खानापूरचा : १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा आहे की भाडेकरूच्या बाजूनं?

टिळकवाडीची भाडेकरू : भाडं ३,५०० च्या वर गेलं की तो लागूच नाही. तेवढ्या भाड्यात टिळकवाडीत स्कूटर लावायची जागा मिळाली तर कळवा.

निपाणीचा मालक : नोटीस दिली की सोळाव्या दिवशी घर रिकामं, असल्या भ्रमात राहू नका. तो हलला नाही तर दिवाणी दावा, तारखांवर तारखा. मी भोगायलोय. बहिणीचं घर कोल्हापुरात, लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरार नाही, नुसती राहायची परवानगी. तिकडं महाराष्ट्रात मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, वर जास्त राहिल्याबद्दल दुप्पट शुल्काची तरतूद. आम्ही मालक असून चोर!

टिळकवाडीची भाडेकरू : दादा, तुम्हाला तारखा जड जातात, मान्य. पण पोरांची शाळा चालू असताना १५ दिवसांत घर शोधून बघा एकदा. मराठी म्हणून एक नको म्हणतो, मटण खाता म्हणून दुसरा. आणि वडगावकर काका, नळाला हात लावू नका. कोर्टाशिवाय बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागू शकतो. लग्नात कोर्टाचा बेलिफ आलेला चालेल?

वडगावकर : करारात 'एक महिना आधी कळवावे' असं लिहिलंय.

निपाणीचा मालक : मग महिन्याचीच द्या. १५ दिवस हे करारात काही नसेल तेव्हाचं. आणि नोटीस दिल्यावर वकिलाला न विचारता भाडं घेऊ नका, नाहीतर नोटीस मागं घेतली म्हणतील.

वडगावकर : बरं. भाडेकरू गोकाकचा, कन्नड बोलणारा. नोटीस मराठीत चालेल?

खानापूरचा : वकिलाकडून इंग्रजीत करून घ्या. दोघांनाही सारखीच कळणार नाही.