सात पोरं, दोन शिक्षक: कुलूप लावा म्हणणाऱ्यांना उत्तर

पिसुर्लेकर: काल इथे एकाने लिहिलं, "गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सात मुलांच्या सरकारी शाळेवर दोन शिक्षकांचा पगार ही लूट आहे. कुलूप लावा, मुलं शेजारच्या गावात न्या." डोकं फिरलं. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावेच लागतात, तो मास्तरांचा हट्ट नव्हे. मुलं का आटली ते बघा. मार्च 2018 मध्ये कोर्टाच्या आदेशाने लोहखनिजाच्या 88 लीजांवरचं, म्हणजे खाणपट्ट्यांवरचं, काम थांबलं. खनिजाचे ट्रक अंगणात गंजले, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. तरणी पोरं वेर्ण्याला, कुंडईला कंपनीत लागली आणि लग्न झाल्यावर बिऱ्हाडही तिकडेच मांडलं. वाड्यावर उरले म्हातारे आणि काजूच्या बागा. आता मास्तरांनी मुलं आणायची कुठून?

म्हापशाचा_पालक: ती पोस्ट माझीच. खाण-खाण किती दिवस? पेडणे तालुक्यात काय मोठ्या खाणी होत्या? तिथेही सरकारी शाळांत मुलं कमीच. 2019-21 च्या आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा जननदर 1.3 होता, म्हणजे एका बाईमागे सरासरी 1.3 मुलं. जी जन्मतात तीही इंग्रजीत जातात. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिकला अनुदान दिलं तेव्हाच निकाल लागला.

कुळागरवाली: अनुदानाचं सोडा हो, बालरथाचं बोला, सरकारी योजनेतल्या त्या शाळेच्या बसचं! अनुदानित शाळेची ही गाडी घराजवळ येते. सरकारी शाळेतलं पोर पावसात ओहळ ओलांडून चालत जातं. मी माझ्या मुलीला मराठीतच घातलं होतं. तिसरीत वर्गात ती एकटीच उरली. खेळायला कोण? शेवटी गाडीत बसवली. मला भाषाद्रोही म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या रस्त्यावर जून-जुलैत चालून दाखवावं.

निवृत्त_मास्तर: वा, म्हणजे गाडीने शाळा मारली! आणि पगारासाठी चालक संपावर गेले की त्या मुली कुठे जातात? घरी बसतात. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात वाड्यावाड्यावर शाळा निघाल्या म्हणून तुम्ही आज इथे टाईप करताय.

कुळागरवाली: मास्तर, तुमची नातवंडं कुठल्या माध्यमात?

निवृत्त_मास्तर: तो आमच्या सुनेचा निर्णय.

म्हापशाचा_पालक: हाहा. मिळालं उत्तर.

पिसुर्लेकर: हसा. पण आमच्या शाळेच्या पटावर आता कोण आहे ते कुणी बोललंच नाही. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, राबणाऱ्या कन्नड बिऱ्हाडांची मुलं, खडी फोडणाऱ्या क्रशरवरच्या झारखंडी मजुरांची मुलं. घरी कन्नड नाहीतर हिंदी, वाड्यावर कोंकणी, वर्गात मराठी, आणि वर्षभरात ती फर्डी बोलायला लागतात. गावकऱ्यांनी सोडलेली शाळा त्यांनी जिवंत ठेवलीय. काम संपलं की बिऱ्हाड हलतं, मार्चमधला पट जूनमध्ये दिसत नाही. तुम्ही कुलूप लावाल तेव्हा शेजारच्या गावात त्यांना कोण नेणार? त्यांच्या आईबापाकडे स्कूटर नाही, दिवसाचा रोज बुडवून पोहोचवायला जाणार का?

म्हापशाचा_पालक: हा मुद्दा ठीक आहे, मानतो. मग विलीनीकरण करा आणि सरकारी शाळेला गाडी द्या. दोन पगारांपेक्षा एक गाडी स्वस्तच पडेल.

कुळागरवाली: मी वर काय वेगळं सांगत होते?

निवृत्त_मास्तर: गाडीच्या निविदेलाच दोन वर्षं जातील. तोवर सात मुलं हायस्कुलात पोचतील.