व्याकरण बरोबर, तरीही इंग्रजी परके का वाटते?

प्रश्न
माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले असून सध्या मी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर काम करते. मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याला मी ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट’ असे लिहिले. मला एक मुद्दा समजून घ्यायचा होता, इतकेच. परंतु त्याने आपले आकडे कसे खरे आहेत, हे पटवून देणारे दीड पानी उत्तर पाठवले. वाक्यात व्याकरणाची चूक नसताना असे का व्हावे, आणि रोजच्या बोलण्यातली सहज रचना कोणती, हे ओळखावे कसे?

प्रतिसाद १
आपल्या ‘शंका’ या शब्दात विचारायची गोष्ट आणि संशय असे दोन्ही अर्थ नांदतात. अमेरिकी कानाला ‘डाउट’मध्ये मात्र संशयच ऐकू येतो, त्यामुळे त्या गृहस्थांना आपल्या कामावर अविश्वास दाखवला जात आहे असे वाटले असणार. तेथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे. भारतातल्या वर्गात ‘डाउट’ सर्रास चालतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही; ऐकणारा कोण आहे, एवढेच पाहावे.

प्रतिसाद २
शब्दांपेक्षा अवघड जाते ते आपल्या वाक्याचे वळण. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे आपण वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ असे तोंडात येते; तिथे ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ असे हवे. ‘सिन्स’ सुरुवातीच्या क्षणासाठी, म्हणजे ‘सिन्स २०१९’ असा, आणि ‘फॉर’ कालावधीसाठी.

विनंतीचेही तसेच आहे. ‘कृपया’ आपण फलकांवर वाचतो, घरात कोणी ‘कृपया मीठ द्या’ म्हणत नाही. ‘मीठ देता का?’ असे विचारतो. इंग्रजीतही ‘काइंडली सेंड’ हुकमासारखे वाटू शकते आणि ‘कुड यू सेंड’ हे आपल्या ‘पाठवाल का?’चे काम करते. अशा ठिकाणी मराठीतल्या शब्दाऐवजी मराठीतल्या सवयीचे भाषांतर करावे, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ३
दोन रचनांत निवड करताना मी ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’ हा खऱ्या अमेरिकी लेखन-बोलण्यातल्या वाक्यांचा ऑनलाइन संग्रह वापरतो. त्यात १९९० ते २०१९ या काळातले एक अब्जाहून अधिक शब्द आहेत आणि प्रत्यक्ष बोलण्यातल्या भाषेचा विभाग वेगळा पाहता येतो. ‘स्ट्राँग रेन’ की ‘हेवी रेन’, यांतले कोणते जास्त वेळा वापरले जाते, हे तिथे क्षणात कळते. सभ्यतेची पातळी मात्र आकड्यांवरून कळत नाही, त्यासाठी शोधात आलेली मूळ वाक्येच वाचावी लागतात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. ‘शंका’ सुटली. मात्र बैठक संपताना मी ‘येते’च्या सवयीने ‘आय विल कम’ म्हणते आणि समोरचे माझी वाट पाहत थांबतात, त्याचे कोडेही आत्ताच उलगडले.