शेठ कंपनी फंडाला विकतायत, खरेदीचं कर्ज कोणाच्या डोक्यावर?

चाकणकर: आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, मी अकाउंट्सला आहे. शेठ सत्तर टक्के हिस्सा एका प्रायव्हेट इक्विटी फंडाला (गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या घेऊन पुढे विकणाऱ्याला) देतायत. ड्यू डिलिजन्सवाले, म्हणजे खरेदीआधी कंपनीचे कागद तपासणारे, रोज नवी यादी धाडतात. मित्र म्हणतो, हे लोक कर्ज काढून कंपनी घेतात आणि ते कंपनीलाच फेडायला लावतात. खरं आहे का?

सीए_कोथरूड: अमेरिकेत सर्रास चालतं. समजा कंपनी १०० कोटींची. फंड ३० घालतो, ७० कर्ज. कर्ज काढायला एक नवी कंपनी उभी करतात आणि पुढे ती मूळ कंपनीत विलीन करतात, म्हणजे कर्जदार तुम्हीच. पाच वर्षांत नफ्यातून ३० कोटी मुद्दल फेडलं, मग कंपनी १२० ला विकली. ४० कर्ज वजा जाता हातात ८०. कंपनीची किंमत वाढली वीस टक्के, फंडाचे पैसे झाले अडीचपटीहून जास्त. फंडाच्या ५० कोटींच्या फायद्यातले ३० तुमच्या शॉप फ्लोअरवरच्या नफ्यातून आले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि नफा कमी पडला तर? टॉइज आर अस ही अमेरिकेतली खेळण्यांच्या दुकानांची साखळी २००५ मध्ये केकेआर, बेन (दोन्ही प्रायव्हेट इक्विटी कंपन्या) आणि व्होरनाडो या रिअल इस्टेट कंपनीने सुमारे ६६० कोटी डॉलरला घेतली. त्यात ५०० कोटींहून जास्त कर्ज. वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास व्याजातच जायचे, दुकानं सुधारायला उरणार काय? २०१७ मध्ये दिवाळखोरी, २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद, तीस हजारांवर माणसं घरी. कामगारांनी आंदोलन केलं तेव्हा कुठे केकेआर आणि बेनने मिळून या कामगारांसाठी २ कोटी डॉलर बाजूला काढले. मला याची चीड येते.

आपल्याकडे हे इतकं सोपं नाही. कंपनी कायद्याचं कलम ६७ पब्लिक कंपनीला स्वतःच्याच शेअरखरेदीसाठी कर्ज किंवा हमी द्यायला सहसा मनाई करतं. शेअर विकत घ्यायला कर्ज देण्यावर बँकांनाही वर्षानुवर्षं कडक बंधनं होती. ती सैल करण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडला. पण कलम ६७ ची ही मनाई प्रायव्हेट लिमिटेडला नाही. तुमची कुठली, ते आधी बघा.

कर्वेनगर_ताई: फंड कायमचा मालक नसतो. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची, त्याआधी विकून गुंतवणूकदारांना पैसे परत द्यायचे असतात. आपल्या पुण्यातलं सह्याद्री हॉस्पिटल घ्या: २०१९ मध्ये एव्हरस्टोन, २०२२ मध्ये कॅनडातला ऑन्टारिओच्या शिक्षकांचा पेन्शन फंड, २०२५ मध्ये मणिपाल. तुमच्याकडे येणारा फंड कोणत्या सालचा, ते विचारा. जुना असेल तर लवकर विकेल.

चाकणकर: प्रायव्हेट लिमिटेडच आहे. आमची ग्रॅच्युइटी, जुनी सर्व्हिस?

सीए_कोथरूड: नुसते शेअर विकले जात असतील तर नोकरी देणारी कंपनी तीच राहते, सर्व्हिस तुटत नाही. कारखानाच दुसऱ्या कंपनीच्या नावावर होणार असेल तर मात्र कागद नीट वाचा. ग्रॅच्युइटीचे पैसे एलआयसीच्या ग्रुप स्कीममध्ये खरोखर भरलेत की फक्त ताळेबंदात तरतूद दाखवलीय, हे तुम्हीच अकाउंट्समध्ये तपासू शकता. सौद्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर कंपनीचे चार्जेस, म्हणजे तारणाच्या नोंदी, बघा. मशीन, जमीन कोणाकडे तारण गेलीय, ते तिथे कळेल.