डाऊनच्या रजईसाठी तलम नायलॉन शिवताना चुण्या आणि भोके कशी टाळावीत?

प्रश्न

नमस्कार. डोंगरातल्या मुक्कामासाठी वजनाला अगदी हलकी अशी डाऊनची, म्हणजे बदक-हंसांच्या मऊ पिसांची रजई घरीच शिवायचे मी ठरवले आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंसाठी १० डेनियरचे रिपस्टॉप (फाट पसरू नये अशा चौकटीच्या विणीचे) नायलॉन आणले आहे. सुती कपडे आणि पडदे मी बरीच वर्षे शिवत आले आहे, त्यामुळे हे काम जड जाणार नाही असे वाटले होते. पण हे कापड इतके तलम आणि निसरडे आहे की टेबलावर पसरून पाठ वळवावी तोवर ते घरंगळून जमिनीवर गेलेले असते.

मुख्य रजईला हात घालण्याआधी त्याच कापडाची एक वीतभर पिशवी शिवून, तिच्यात मूठभर डाऊन भरून पाहिली. टीप सुरू करताच कापडाचा कोपरा सुईबरोबर मशीनच्या भोकात ओढला गेला. तो सोडवून पुढे शिवले तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडल्या. चुकलेली टीप उसवली तेव्हा दोरा निघाला, पण भोकांची रांग तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्या रांगेतून पिसांची बारीक टोके बाहेर डोकावू लागली होती. सुई ९० नंबरची होती, दोरा नेहमीचा, आणि टाक्याची लांबी साधारण १.८ मिलिमीटर, टाके जितके लहान तितकी शिवण पक्की, या समजुतीने ती मुद्दाम कमी ठेवली होती.

यात नेमके काय बदलावे? शिवाय दोन्ही कापडे एकमेकांना थेट शिवून कप्पे करावेत की मध्ये उभ्या पट्ट्या घालाव्यात, याबद्दलही जाणकारांचे मत हवे आहे.

पहिले उत्तर

आपण आधी नमुना शिवून पाहिलात हे फार चांगले झाले, कारण या कापडात सुई एकदा शिरली की ती जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. सुती कापडातली भोके धुतल्यावर धागे फुगून बुजतात; नायलॉनचा धागा गुळगुळीत आणि अखंड असल्यामुळे तो तसा फुगत नाही. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, म्हणजे आपल्या कापडातला नऊ किलोमीटर धागा अवघा १० ग्रॅम भरतो. अशा धाग्यांच्या विणीत ९० नंबरची, म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीची सुई घालणे म्हणजे खिळा ठोकण्यासारखेच आहे. ६० नंबरची, बारीक आणि तीक्ष्ण टोकाची सुई घ्यावी. ती मिळाली नाही तर ७० नंबरची चालेल. गोल टोकाची सुई होजिअरीच्या कापडासाठी असते, ती येथे वापरू नये. आणि सुई नवीनच हवी. टोक बोथट झालेली सुई टोचताना बारीक टकटक असा आवाज येतो. तो ऐकू आला की तिथेच थांबून सुई बदलावी.

लहान टाक्यांची समजूत मात्र येथे सोडून द्यावी लागेल. १.८ मिलिमीटरच्या टाक्याने एका सेंटिमीटरमध्ये पाच ते सहा भोके पडतात, ३ मिलिमीटरच्या टाक्याने तीन ते चार. भोके जवळजवळ आली की कापड फाडायच्या तिकिटासारखे होते. त्याची ताकद कमी होते आणि पिसांना वाटाही वाढतात. मी २.५ ते ३ मिलिमीटरच्या दरम्यान शिवते. दोरा बारीक पॉलिएस्टरचा घ्यावा. ६० नंबरच्या सुईत जाड दोरा ओवला तर तो नेढ्यात घासून पिंजतो.

चुण्या पडण्याला बहुधा दोऱ्याचा ताण कारणीभूत असतो. वरचा ताण कमी करावा आणि त्याच्या जोडीने बॉबिनचाही पाहावा. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: बॉबिन भरधाव भरली तर पॉलिएस्टरचा दोरा ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो आणि शिवण झाल्यावर आखडून कापड गोळा करतो. म्हणून बॉबिन सावकाश भरावी. कापड दाबून धरणाऱ्या फुटाचा दाबही थोडा हलका करावा. शिवताना एक हात सुईच्या पुढे आणि एक मागे ठेवून कापड सपाट राहील इतपतच ताणून धरावे आणि पुढे सरकवण्याचे काम दात्यांवर सोडावे; आपण ओढले तर सुई वाकते आणि तिच्याखालच्या धातूच्या पट्टीवर आपटून मोडते.

कापड भोकात ओढले जाते ते सुईखालच्या पट्टीचे भोक आडवे आणि रुंद असल्यामुळे. सरळ टिपेची, एकाच लहान गोल भोकाची पट्टी आपल्या मशीनला मिळत असेल तर ती बसवावी. नसेल तर सुरुवातीला कापडाखाली पातळ कागदाचा तुकडा ठेवावा, दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवावीत आणि पहिले दोन-तीन टाके हाताने चाक फिरवून घालावेत. कागद नंतर फाडून काढता येतो.

उसवलेल्या जागेवर नखाने दोन्ही तिरप्या दिशांनी हलकेच घासून पाहावे. धागे तुटलेले नसून केवळ बाजूला सरकलेले असतील तर ते काही प्रमाणात जागेवर येतात. याच कारणाने टाचण्या फक्त शिवणीच्या बाहेरच्या काठातच लावाव्यात. मी तर चिमटेच वापरते.

दुसरे उत्तर

वरच्या सूचनांशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून फक्त कप्प्यांबद्दल लिहितो. दोन्ही कापडे थेट एकमेकांना शिवली तर प्रत्येक शिवणीच्या रेषेवर जाडी शून्य होते आणि तेथून थंडी आत येते. उन्हाळी रजईसाठी ही पद्धत सोपी आणि पुरेशी आहे. गोठवणाऱ्या रात्रींसाठी मात्र मध्ये उभ्या पट्ट्या घालण्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. पट्टी मच्छरदाणीच्या बारीक जाळीची किंवा त्याच नायलॉनची चालते. पाच सेंटिमीटर उंची हवी असेल तर दोन्ही काठांना एकेक सेंटिमीटर धरून ती सात सेंटिमीटर रुंद कापावी. दोन्ही कापडांवर रेषा आखून घ्याव्यात, सगळ्या पट्ट्या आधी एका कापडाला शिवून घ्याव्यात आणि मग एका टोकापासून क्रमाने दुसऱ्या कापडाला जोडत यावे. आखणीतली चूक येथे पुढच्या प्रत्येक कप्प्यात सरकत जाते, तेव्हा सर्वांत जास्त वेळ आखणीलाच द्यावा.

डाऊन किती लागेल हे आधीच काढता येते. डाऊन किती फुगते ते फिल पॉवरने सांगतात; उदाहरणार्थ, ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस डाऊन ८०० घन इंच जागा व्यापते. आपल्या मापात हे एका ग्रॅमला सुमारे ४६० घन सेंटिमीटर होते. १३० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि ५ उंच असा आडवा कप्पा धरला तर त्याचे आकारमान ९,७५० घन सेंटिमीटर, म्हणजे २१ ग्रॅम डाऊन. त्यावर पाव हिस्सा जास्त धरून २६ ग्रॅम भरावे, नाहीतर पिसे कप्प्याच्या दोन्ही टोकांना सरकून मधला, नेमका छातीवरचा भाग रिकामा पडतो. असे १३ कप्पे केले तर १९५ सेंटिमीटर लांबी होते आणि एकूण डाऊन सुमारे ३४० ग्रॅम लागते.

आपल्या कापडाची एक बाजू चकचकीत आहे का, तेही पाहावे. पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून असे कापड तापलेल्या रुळांखाली दाबलेले असते आणि ती चकचकीत बाजू आत, डाऊनकडे ठेवतात. जलरोधक लेप दिलेले कापड मात्र या कामाला घेऊ नये, कारण त्यातून हवा जात नाही, रजई घडी करताना फुग्यासारखी राहते आणि अंगाची वाफ आत कोंडून डाऊन ओले होते.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. ६० नंबरची सुई आणि २.८ मिलिमीटरचा टाका घेऊन नवी पिशवी शिवली. शिवण सपाट आली आणि चार दिवस उशीसारखी दाबून पाहिल्यावरही एकच पीस टोक काढून होते. चकचकीत बाजू पहिल्या वेळी मी बाहेर ठेवली होती, हेही आता लक्षात आले. उभ्या पट्ट्याच घालणार आहे. पण डाऊन कप्प्यात भरायचे कसे? मूठ उघडली की निम्मे हवेत उडते आणि उरलेले हाताला चिकटते.

तिसरे उत्तर

ते बाहेर आलेले पीस ओढून काढू नका. त्याच्या मागोमाग दुसरे येते आणि भोकही मोठे होते. मागच्या बाजूने चिमटीत धरून ते आत खेचून घ्यावे.

भरण्याचे काम लहान, बंद खोलीत, पंखा बंद ठेवून करावे. न्हाणीघर उत्तम, कारण तिथल्या ओलाव्यामुळे डाऊनला चिकटवणारी स्थिर वीज कमी होते. रजईची एक कड आधी शिवून बंद करावी. प्रत्येक कप्प्याचे डाऊन वेगळ्या पिशवीत तोलून, पिशवीचे तोंड कप्प्याच्या तोंडात खोलवर घालून बाहेरून दाबत आत सरकवावे. मुठीने भरू नये. एक कप्पा भरला की त्याचे तोंड चिमट्यांनी बंद करून पुढच्याकडे वळावे. सगळे कप्पे भरल्यावर डाऊन हाताने काठापासून चार बोटे आत लोटावे आणि मगच शेवटची कड शिवायला घ्यावी, कारण शिवणीत एक पीस जरी अडकले तरी त्याच्या आधाराने बाकीची बाहेर येऊ लागतात. ही कड दोनदा दुमडून शिवली तर कापडाचा कच्चा काठ आत जाऊन सुटत नाही, आणि गळ्याकडच्या बाजूला त्याच दुमडीत दोरी ओवण्यासाठी नेफाही करून घेता येतो.