नववीला गती शिकवताना सूत्राआधी काय दाखवावे?

विज्ञानशिक्षिका, यवतमाळ जिल्हा
नववीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’ हा असल्यामुळे शाळा उघडताच, म्हणजे पेरणीच्या धांदलीत निम्मा वर्ग गैरहजर असताना, तो शिकवावा लागतो. मुले तिन्ही समीकरणे पाठ करतात, उदाहरणेही सोडवतात. पण त्वरण म्हणजे नेमके काय, असे विचारले की वर्ग गप्प होतो. प्रयोगशाळा नावापुरतीच आहे. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी काय करून दाखवावे?

निवृत्त शिक्षक, वर्धा
मॅडम, विहिरीवरचा जुना पीव्हीसी पाइप उभा चिरून घ्यावा. तीन मीटर लांबीच्या या पन्हळीचे एक टोक सुमारे 10 सेंमी उचलले, तर काचेची गोटी खाली यायला साधारण पाच सेकंद घेते. घड्याळाची गरज नाही. आपल्याकडे खंजिरी वाजवणारा एखादा मुलगा वर्गात असतोच. त्याने एकसारखा ठेका धरावा, एका ठोक्याला गोटी सोडावी आणि पुढच्या प्रत्येक ठोक्याला ती जिथे असेल तिथे इतरांनी खडूने खूण करावी. पहिल्या फेरीत खुणा नेमक्या पडत नाहीत, म्हणून फेऱ्या पुन्हा पुन्हा घ्याव्यात. लागोपाठच्या खुणांमधील अंतरे 1, 3, 5, 7 या प्रमाणात येऊ लागतात, म्हणजे दर ठोक्याला अंतरात सारखीच भर पडते, आणि त्वरणाची ओळख या भरीवरूनच करून द्यावी. गॅलिलिओने भांड्यातून गळणारे पाणी तोलून वेळ मोजली होती. 1638 च्या त्याच्या ग्रंथात त्या प्रयोगाचे वर्णन आहे.

अमरावतीकर
सरांचा प्रयोग उत्तमच आहे, पण मी त्याआधी घर्षण घेईन. ‘ढकलणे थांबले की वस्तू थांबते’ ही समजूत मुलांच्या मनात इतकी घट्ट असते की ती हलल्याशिवाय न्यूटनचा पहिला नियम नुसता पाठच होतो. त्याच पन्हळीतून, त्याच उंचीवरून गोटी सोडून ती मातीवर, सतरंजीवर आणि फरशीवर किती दूर जाते ते मोजून घ्यावे. त्यानंतर बंडीचा प्रश्न विचारावा. कापसाने भरलेली बंडी सपाट, सरळ रस्त्यावर एकाच चालीने जात असेल, तर बैलांची ओढ आणि बंडीला होणारा विरोध समसमान असतात, म्हणजेच तिच्यावरील निव्वळ बल शून्य असते. मुलांना हे सहजी पटत नाही, कारण बैलांची दमछाक दिसते आणि घर्षण दिसत नाही. येथे घाई करू नये. एक तास वादातच गेला तरी चालेल.

विज्ञानशिक्षिका, यवतमाळ जिल्हा
दोघांचेही आभार. गोटीऐवजी सायकलचा छर्रा सोडला तर तो लवकर खाली येईल का, हे मुले हमखास विचारतील.

निवृत्त शिक्षक, वर्धा
दोन्ही भरीव गोल असल्यामुळे ते जवळजवळ बरोबरच येतात. वजनाने किंवा आकाराने फारसा फरक पडत नाही. टेबल टेनिसचा पोकळ चेंडू मात्र मागे राहतो, कारण त्याचे सगळे वस्तुमान कडेला असते आणि त्याला फिरते करणे तुलनेने अवघड जाते. तो अवश्य सोडून पाहावा, पण कारण विचारले तर नववीला एवढेच सांगून थांबावे.