फळ्यांचे ब्रॅकेट आणि नव्या इमारतीच्या भिंती

(सोसायटीच्या गटावरची चर्चा; बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी सदनिकांचे क्रमांक दिले आहेत.)

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. काल रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या बैठकीच्या खोलीतली पुस्तकांची फळी ब्रॅकेटसकट खाली आली. सुदैवाने खाली कोणी बसलेले नव्हते. आवाज मात्र खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार, त्याबद्दल क्षमस्व. हे ब्रॅकेट आम्ही पुनर्विकासाच्या वेळी जुन्या घरातून काढून आणले होते आणि तिथे त्यांनी याच पुस्तकांचा भार अठरा वर्षे निमूटपणे सोसला होता. सुतारांच्या मते ब्रॅकेट जुने झाल्यामुळे हे घडले आणि आता नवे, जाड पत्र्याचे ब्रॅकेट घ्यायला हवेत. तसे घ्यावेत का, आणि घ्यायचे झाल्यास कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-१०३ : ताई, सरळ स्टेनलेस स्टीलचे घ्या. पुन्हा बघायला नको.

सी-६०१ : ताई, खरेदीला जाण्यापूर्वी एक पाहून सांगा. पडलेले ब्रॅकेट वाकले आहेत का, आणि भिंतीतली भोके कशी दिसतात?

बी-४०२ : काका, ब्रॅकेट अजिबात वाकलेले नाहीत, गुण्या लावून पाहिला तर काटकोन तसाच आहे. वरचे स्क्रू गिट्टीसकट (स्क्रू धरून ठेवण्यासाठी भोकात बसवतात त्या प्लगसकट) बाहेर आले आहेत, भोके आवळ्याएवढी झाली आहेत आणि खाली पांढरा भुगा पडला आहे.

सी-६०१ : मग ब्रॅकेटचा काहीही दोष नाही. आपली जुनी इमारत भाजक्या विटांची होती, बाहेरच्या भिंती तर नऊ इंची होत्या. नव्या इमारतीत कॉलम आणि बीम काँक्रीटचे असले तरी मधल्या भिंती एएसी, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या, ब्लॉकच्या आहेत, ज्यांना आपले गवंडी अजूनही सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात. या ब्लॉकमध्ये हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे त्याचे वजन घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो भरते, तर काँक्रीटचे २४०० किलोच्या आसपास. इमारतीवरचा भार कमी व्हावा आणि उष्णता आत येऊ नये यासाठी तो उत्तम आहे, परंतु खिळा-स्क्रू धरून ठेवण्याच्या बाबतीत तो विटेच्या जवळपासही जात नाही. सुताराने सवयीप्रमाणे ड्रिलचे हॅमर (ठोके देण्याची सोय) चालू ठेवून भोक पाडले, त्यात ते मूळ मापापेक्षा मोठे झाले, आणि वर नेहमीचा ३५ बाय ८ चा स्क्रू लावला. त्या ३५ मिलिमीटरपैकी १२ ते १५ मिलिमीटर प्लास्टरमध्येच जातात. ब्रॅकेटच्या पत्र्याची जाडी वजा केली, तर प्रत्यक्ष ब्लॉकमध्ये जेमतेम १८-२० मिलिमीटर स्क्रू उरतो. विटेत एवढ्यावर निभावते, इथे निभावत नाही.

बी-४०२ : म्हणजे तेच ब्रॅकेट पुन्हा वापरता येतील?

सी-६०१ : येतील, पण ते कसे लावले होते यावर अवलंबून आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत लांब बाजू फळीखाली आणि आखूड बाजू भिंतीवर दिसते. फळीखाली लांब पट्टी असली की आधार भक्कम वाटतो, म्हणून बहुतेकजण तसेच लावतात. आता हिशेब पाहा. एक फूट पुस्तकांची रांग सुमारे ९ किलो धरली, तर आपल्या तीन फुटी फळीवर २७ किलो आणि प्लायचे तीनेक किलो, म्हणजे दोनपैकी प्रत्येक ब्रॅकेटवर १५ किलो येतात. फळीची खोली २५ सेंटिमीटर असल्यामुळे हा भार भिंतीपासून सरासरी साडेबारा सेंटिमीटरवर आहे. ब्रॅकेट आपल्या खालच्या टोकाशी टेकून पुढे कलू पाहते आणि वरचा स्क्रू त्याला मागे ओढून धरतो. हा स्क्रू खालच्या टोकापासून १० सेंटिमीटर उंचीवर असेल तर त्याच्यावर जवळजवळ १९ किलोची ओढ येते, आणि तोच २० सेंटिमीटर उंचीवर असेल तर ती निम्मी, साडेनऊ किलोंच्या आत राहते. भरलेली बादली अंगाशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. तेव्हा लांब बाजू भिंतीवर घ्या. २५ सेंटिमीटर खोलीच्या फळीसाठी १० इंच बाय ८ इंचांचा, मध्ये तिरका आधार असलेला ब्रॅकेट पुरेसा आहे.

ए-५०४ : काका, आमच्या इंटिरियरवाल्यांनी मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत अदृश्य ब्रॅकेट सुचवले आहेत. फळीच्या पोटात लोखंडी कांब जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दिसायला ते फारच सुबक आहेत. त्यांनाही हाच हिशेब लागू होतो का?

सी-६०१ : अधिक कठोरपणे लागू होतो. वरच्या हिशेबात स्क्रूला १० किंवा २० सेंटिमीटर उंची मिळत होती, या प्रकारात ती फळीच्या जाडीइतकी, म्हणजे चार-पाच सेंटिमीटरच मिळते. काँक्रीटच्या बीमवर किंवा पक्क्या विटेवर तो लावता येईल. ब्लॉकच्या भिंतीवर फोटोफ्रेम किंवा एखादी शोभेची वस्तू ठेवण्यापुरता तो वापरावा. अभ्यासाच्या खोलीत, मुलीच्या डोक्यावर, मी तो लावणार नाही.

ए-१०३ : मग ब्लॉकच्या भिंतीवर काही टांगायचेच नाही का? स्वयंपाकघरातल्या मांडणीचे काय करायचे?

सी-६०१ : टांगायचे की, फक्त पद्धत बदलायची. ड्रिलचे हॅमर बंद ठेवून, केवळ फिरकीवर भोक पाडावे. गिट्टी ८ किंवा १० मिलिमीटरची, लांब आणि नायलॉनची घ्यावी, शक्य असल्यास खास एएसीसाठी बनवलेली, आणि स्क्रू ६० ते ७० मिलिमीटरचा असावा. आतल्या भिंती चार इंचीच आहेत, त्यामुळे बिटवर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करावी, नाहीतर भोक शेजारच्या खोलीत उघडेल. मांडणीसारख्या जड वस्तूसाठी केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारे रसायन भरून बसवलेला बोल्ट) वापरावा, किंवा आरपार बोल्ट घालून पलीकडच्या बाजूला पट्टी द्यावी. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नये, कारण वायरींचे पाइप तिथूनच जातात. आणि भोक आधीच मोठे झाले असेल तर त्यात आगपेटीच्या काड्या कोंबू नयेत (आमच्याच घरी हा प्रयोग झालेला आहे), चार-पाच इंच बाजूला नवे भोक घ्यावे.

गिट्टीवरून आठवले. जुने इलेक्ट्रिशियन तिला ‘रावल प्लग’ म्हणतात, त्यातला रावल हा आपल्याकडचा कोणी रावळ नसून जॉन रॉलिंग्ज नावाचा लंडनचा कंत्राटदार आहे. आज आपण वापरतो ती नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये काढली. अशा गिट्ट्या येण्यापूर्वी सुतार भिंतीत चौकोनी खाच करून सागवानी गुटका ठोकत असत.

बी-२०१ : काका, माहितीबद्दल आभार. धातूविषयीही लिहावे. माझे बंधू रत्नागिरीला समुद्राजवळ राहतात, त्यांना बाल्कनीत कपाट लावायचे आहे. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला आणि तो चिकटत नाही म्हणून हे ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील आहे, असे सांगितले.

सी-६०१ : त्या परीक्षेवर विसंबू नका. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, मात्र खाऱ्या हवेत ते लवकर तांबूस पडते. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय दोनेक टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे समुद्रकाठी ते अधिक टिकते, पण महागही पडते. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी, आणि स्क्रूसुद्धा त्याच ग्रेडचे घ्यावेत, कारण स्टेनलेसच्या ब्रॅकेटला साधे लोखंडी स्क्रू लावले तर आधी स्क्रूच गंजून जातात. आपल्या कोथरूडमध्ये, घराच्या आत, पावडर कोटिंग केलेले साधे लोखंड पुरते. ए-१०३ साहेबांचा स्टेनलेसचा सल्ला न्हाणीघरापुरता मला मान्य आहे. पत्र्याची जाडी विचारताना लक्षात ठेवावे की गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर आणि १४ गेज म्हणजे सुमारे २. पुस्तकांसाठी मी १४ च्या खाली समाधान मानणार नाही, म्हणजे आकड्याने १४ च्या वर जाणार नाही.

सचिव : चर्चा उपयुक्त आहे. या निमित्ताने सोसायटीतर्फे दोन गोष्टी नोंदवतो. एसीचे बाहेरचे युनिट बिल्डरने दिलेल्या जागीच ठेवावे, बाहेरच्या ब्लॉकच्या भिंतीवर परस्पर ब्रॅकेट मारू नयेत. दीड टनी एसीचे हे युनिट तीसेक किलोंचे असते, शिवाय ते सतत थरथरत असते. दुसरे म्हणजे, रेलिंगच्या बाहेर ब्रॅकेट लावून कुंड्या टांगलेल्या चार सदनिका आहेत. पाणी घातलेली बारा इंची कुंडी वीस किलोंच्या पुढे जाते आणि खाली मुले खेळतात. या आठवड्यात त्या कुंड्या आत घ्याव्यात.

ए-१०३ : त्यातली एक आमची आहे. आज संध्याकाळी आत घेतो.

बी-४०२ : काका, शेवटचा प्रश्न. तीन फुटी फळीला दोन ब्रॅकेट पुरतील की तीन लावू?

सी-६०१ : तीन लावा. १८ मिलिमीटरच्या प्लायवर पुस्तके ठेवायची तर दोन आधारांमधले अंतर दोन फुटांपेक्षा जास्त नसावे. फुटामागे भार तोच ठेवून हे अंतर दुप्पट केले, तर फळीचा झोल सोळा पट वाढतो. बोहरी आळीत सुटे ब्रॅकेट मिळतील, पण तुमच्या जुन्या दोन ब्रॅकेटना जुळणारे माप हवे, म्हणून जुना एक सोबत न्या.

बी-४०२ : आभारी आहे. रविवारी सकाळी काम काढते, तोवर पुस्तके खोक्यांत राहतील. कोणाकडे हॅमर बंद करता येणारे ड्रिल आहे का?

ए-१०३ : आमच्याकडे आहे, पण ८ चे बिट मोडले आहे. तेवढे बोहरी आळीतून येताना घेऊन या.