मदत हवी आहे : ‘जी-एल’ने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या अर्थांतील बारकावे कसे शिकवावेत?

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. मुलांचा शब्दसंग्रह वाढावा म्हणून सारख्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द एकत्र घेऊन शिकवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे, आणि त्यात जी-एल या जोडीपाशी मी अडले आहे. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिंट, ग्लिमर, ग्लेअर हे सगळे शब्द उजेडाचे, तर ग्लान्स आणि ग्लिम्प्स हे नजरेचे. शब्दकोश उघडला, तर पहिल्या गटातील बहुतेक शब्दांपुढे ‘चमकणे’, ‘चकाकणे’, ‘झळकणे’ हेच अर्थ आलटून पालटून दिलेले दिसतात. मुले ते पाठ करतात आणि मग पाणावलेल्या डोळ्यांसाठी ग्लिटर, चुलीतल्या विस्तवासाठी ग्लिंट असे लिहून मोकळी होतात. वाक्य व्याकरणात बसते, तरीही वाचताना ते खटकते. ते का खटकते, हे मुलांना त्यांच्या भाषेत नेमके सांगता यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मला समजलेला फरक असा आहे. ग्लिसन हा शब्द ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागाचा : पावसात न्हालेली अळूची पाने, घामाने डबडबलेले कपाळ, डोळ्यांतले पाणी. ग्लो म्हणजे ज्वाळेविना, आतून येणारा स्थिर उजेड. राख झटकून फुंकर घातल्यावर निखारा जसा लालबुंद फुलतो तसा, आणि म्हणूनच आनंदाने उजळलेल्या चेहऱ्यालाही तो लागू पडतो. ग्लिटरमध्ये उजेडाचे अनेक बारीक ठिपके असतात, जसे जरीच्या काठावर किंवा टिकल्यांच्या कामावर दिसतात. ग्लिंट हा एकच, क्षणापुरता. विळ्याचे पाते वळताना त्यावर ऊन पडून जो लखकन दिसतो तो. चिंचेने घासलेला पितळेचा तांब्या ग्लीम करतो. ग्लेअर मात्र डोळ्यांना सहन न होणारा उजेड आहे, आणि रागाने एखाद्यावर डोळे रोखण्यालाही तोच शब्द चालतो.

माझे प्रश्न दोन आहेत. जी-एल म्हणजे प्रकाश, असा नियम वर्गात सांगणे योग्य ठरेल का? कारण लगेच कोणीतरी ग्लव्ह, ग्लू आणि ग्लोबचे काय, असे विचारणार, आणि ते विचारणे रास्तच आहे. दुसरे म्हणजे ग्लिसन, ग्लिंट आणि ग्लिमर यांना मराठीत वेगवेगळे, रुळलेले शब्द कोणते द्यावेत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. नियम असे म्हणू नये; या अक्षरांभोवती उजेडाच्या शब्दांचा पुंजका जमला आहे, असे म्हणावे. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी अशा ध्वनिगटांसाठी १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ ही संज्ञा वापरली, पण हे निरीक्षण त्याहून बरेच जुने आहे. जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात अशा शब्दांच्या याद्या दिल्या आहेत.

पुंजका जमण्याची कारणे दोन. काही शब्द मुळातच एका कुळातले असतात. ग्लो, ग्लीम, ग्लास यांचे मूळ ‘चमकणे’ या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूत शोधले जाते. गोल्ड आणि येलो त्याच कुळातले, आणि संस्कृतातले हिरण्य व हरितही. आज ज्याचा अर्थ केवळ ‘आनंदी’ असा उरला आहे, तो ग्लॅड हा शब्दही जुन्या इंग्रजीत ‘तेजस्वी, झळाळणारा’ या अर्थाने वापरला जाई. ग्लू आणि ग्लोब मात्र लॅटिनमधून आले, त्यामुळे त्यांचा या कुळाशी संबंध नाही. ग्लॉस या शब्दाच्या बाबतीत विशेष सावध राहावे : तुकतुकीत चकाकी दाखवणारा ग्लॉस वेगळा आणि ज्यापासून ग्लॉसरी झाली तो ‘जीभ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला ग्लॉस वेगळा.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते, आणि ते म्हणजे संगत. एस-एनने सुरू होणारे नाकाचे शब्द पाहा : स्निफ म्हणजे हुंगणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्नाउट म्हणजे जनावराचे पुढे आलेले नाक-तोंड, स्नफ म्हणजे तपकीर. शिंकणे या अर्थाचा स्नीझ हा शब्द जुन्या इंग्रजीत एफ-एनने सुरू होत असे. पुढे ती जोडी भाषेतून नाहीशी झाली आणि हा शब्द एस-एनच्या गटात येऊन बसला. तिथे नाकाचे इतके शब्द आधीच होते, याचाही त्यात हात असावा. स्नो आणि स्नेक त्याच अक्षरांचे असूनही नाकाशी संबंध नसलेले, हे मुलांना सोबतच सांगावे, म्हणजे अपवाद शोधण्याची सवय त्यांना आपोआप लागेल.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत असे की, प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकेक मराठी शब्द बसवण्याचा आग्रह सोडावा, कारण मराठी हा फरक पुष्कळदा क्रियापदाच्या घडणीतून दाखवते. ग्लिंटसाठी ‘चमकून गेले’, ग्लिटरसाठी ‘चमचमले’, ग्लोसाठी ‘उजळून निघाले’. यात क्षणिकपणा, ठिपक्यांची दाटी आणि आतला उजेड हे तिन्ही वेगवेगळे कळतात. ग्लिसनला सर्वत्र चालणारा एक शब्द मला दिसत नाही. पानांसाठी ‘भिजून चकाकत होती’ म्हणावे, डोळ्यांसाठी मात्र ‘पाणी तरळले’ हेच खरे. ग्लिमरसाठी दिवा जवळचा असेल तर ‘मिणमिणणे’, लांबच्या वस्तीतला असेल तर ‘लुकलुकणे’.

इंग्रजी गट शिकवण्याआधी मुलांना ‘फु’ने सुरू होणारे हवेचे मराठी शब्द विचारून पाहा. फुंकर, फुगा, फुत्कार, फुसफुसणे हे शब्द ती भराभर सांगतील, आणि त्याच यादीत फूल व फुकट का बसत नाहीत, हा प्रश्न तुमच्याआधी त्यांच्यापैकीच कोणीतरी विचारेल.